तुमच्या बातमीची आमच्याकडे बाटली होते

प्रति,
मेंदूच्या गाठीवर चांदीचे नॅनोकण वापरून पाहणारे संशोधक,
त्यांच्या विद्यापीठांचे व संस्थांचे जनसंपर्क विभाग,
आणि या संशोधनाच्या बातम्या छापणारे संपादक

सप्रेम नमस्कार.

घाटंजी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल स्टोअर आहे. मी डी. फार्म. झालेला माणूस, शास्त्रज्ञ नव्हे. पण औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद पूर्ण वाचायची खोड आहे, आणि त्या खोडीमुळेच हे पत्र लिहावं लागतंय. तुम्हा तिघांना एकत्र लिहितोय, कारण एकाला विचारलं की तो उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो.

मागच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ मोबाइल हातात धरून काउंटरशी आले. स्क्रीनवर बातमी होती, चांदीच्या सूक्ष्म कणांनी ब्रेन ट्यूमर बरा होणार अशा मथळ्याची. म्हणाले, "माह्या साळ्याच्या पोराच्या डोक्शात गाठ निंगाली. हे चांदीवालं औषध तुमच्याकडं येते काय भाऊ?" बातमी खालपर्यंत वाचली. काचेच्या थाळीत वाढवलेल्या पेशींवरचा प्रयोग होता. तो उल्लेख शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, तोही निसटता. त्यांना तो दिसलाच नव्हता. पोटचं म्हणावं असं पोर आजारी असताना कोण बातमीच्या तळापर्यंत जातो?

अशीच एक बातमी लॅमिनेट होऊन आमच्या घरी आली होती, म्हणून मला गप्प बसवत नाही.

माझा थोरला भाऊ कास्तकार होता. सप्टेंबरात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी चालू असताना त्याचं डोकं दुखायला लागलं, सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची. यवतमाळ जिल्ह्यात सप्टेंबरात डोकं दुखून उलटी झाली तर दुसरं काही कोणाच्या मनातच येत नाही. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. तेव्हापासून "फवारा लागला" हे निदान ओसरीवरच होतं. एक सलाईन, उलटीची गोळी, दोन दिवस आराम आणि पुन्हा वावर. मग त्याचे शब्द चुकायला लागले. तुरीला पऱ्हाटी म्हणायचा, वहिनीला लेकीच्या नावानं हाक मारायचा, आणि आम्ही हसायचो तर तोही हसायचा. दिवाळीच्या तोंडावर गोठ्यात झटका येऊन पडला तेव्हा स्कॅन झालं. पुढे दीडशे किलोमीटरवर नागपूर, ऑपरेशन, आणि आठवडाभरानं तपासणीचा कागद हातात पडला: ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४.

हा आजार काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ही मेंदूच्या कर्करोगाची गाठ तुरीच्या मुळ्यांसारखी आजूबाजूला पसरते. दिसते तेवढी सर्जन काढतो, धागे मागे राहतात. ऑपरेशननंतर सहा आठवडे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, एकूण ३० बैठका. सोबत टेमोझोलोमाइड या किमोच्या औषधाच्या कॅप्सूल, आणि नंतर दर २८ दिवसांत पाच दिवस त्याच कॅप्सूल, असे सहा फेरे. जगभर हाच उपचार चालतो. तो ठरला २००५ साली छापलेल्या एका चाचणीवरून. त्या चाचणीत ५७३ रुग्ण होते, ८५ केंद्रांतले. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी निम्मे १२.१ महिन्यांच्या पुढे जगले, कॅप्सूलही घेतलेल्यांपैकी निम्मे १४.६ महिन्यांच्या पुढे. दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं.

हा अडीच महिन्यांचा फरक मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. तो पक्का करायला ५७३ माणसांनी नाव नोंदवलं, आपल्या वाट्याला कॅप्सूल येणार की नाही हे नशिबावर सोडलं, आणि डॉक्टरांनी एकेकाचा मरेपर्यंतचा हिशोब ठेवला. औषध काम करतं हे म्हणायची किंमत एवढी असते. भावासाठी आलेल्या चांदीच्या थेंबांच्या बाटलीसोबत चिठ्ठी होती, तिच्यात लिहिलं होतं, "सहा महिन्यांत गाठ विरघळते."

ती बाटली एका लांबच्या सोयऱ्यानं आणली. तपकिरी काचेची, ३० मिलीची, ड्रॉपरची. लेबलवर "नॅनो सिल्व्हर २० पीपीएम" आणि चंद्राचं चित्र. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत "पाणी शुद्धीकरणासाठी". पत्ता नाही, बॅच नंबर नाही, फक्त एक मोबाइल नंबर. बाटलीसोबत वर्तमानपत्राचं लॅमिनेट केलेलं कात्रण होतं, आणि बाटलीपेक्षा ते कात्रणच जास्त जपून दिलं होतं. त्यात एका संस्थेचं नाव, एका प्राध्यापकांचा फोटो, पांढरा कोट, मागे यंत्र. विकणाऱ्याचं बोलणंही तयार होतं: युरियाचं अख्खं पोतं आता अर्ध्या लिटरच्या बाटलीत येतं ना, तशीच ही नॅनो किमो. ज्या घरात गेल्या खरिपात नॅनो युरिया फवारला आहे, तिथे या बोलण्यावर शंका काढणारा माणूसच वेडा ठरतो. कोणाला तेवढ्यानं पटलं नाही तर आयुर्वेदातल्या रौप्य भस्माचा, म्हणजे चांदीच्या भस्माचा, दाखला होताच.

मी पांढऱ्या वाटीत थेंब टाकून पाहिले. चांदीचे नॅनोकण पाण्यात खरोखर तरंगत असले तर पाणी पिवळसर, तपकिरीकडे झुकलेलं दिसतं. हे नितळ होतं. म्हणजे आत चांदीचा क्षार होता, नुसतं पाणी होतं की आणखी काही, हे मला कळायला मार्ग नव्हता. लेबल खरं धरलं तरी २० पीपीएम म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा थेंब म्हणजे साधारण एक मिली, त्यात चांदी २० मायक्रोग्रॅम. ती पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूत आणि मेंदूत नेमकी गाठीत जाणार, अशी वहिनीची समजूत करून दिली होती. वहिनी अडाणी नाही. ती रोज पेपर वाचते, म्हणूनच कात्रणावर तिचा विश्वास बसला.

आणि तिला फरक दिसला. थेंब सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत डोकेदुखी कमी, बोलणं थोडं सुधारलेलं. त्याच आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांनी डेक्सामेथासोनचा डोस वाढवला होता. डेक्सा गाठीभोवतीची सूज उतरवतं, दोन-चार दिवसांत माणूस टवटवीत दिसतो. गाठ होती तेवढीच होती. श्रेय बाटलीला गेलं. पुढची बाटली घेताना विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं की दवाखान्याच्या गोळ्या सोबत चालू ठेवल्या तर चांदीची ताकद मारली जाते. कॅप्सूल बंद झाल्या. झटक्याच्या गोळ्याही बंद झाल्या. मला कळलं ते एकामागोमाग झटके येऊन त्याला गाडीत घालायची वेळ आली तेव्हा. त्यातून तो पुरता शुद्धीवर आला नाही.

थेंब घेतले नसते तर दादा वाचला असता असं मी म्हणत नाही. वरचे आकडे मीच लिहिले आहेत. त्याचे बोलण्या-चालण्याचे जे काही दिवस शिल्लक होते ते गेले, माझं दुखणं एवढंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाटली विकणाऱ्याला पकडा, आम्हाला का लिहिता? त्याचा नंबर बंद झाला. ज्या कार्यालयात तक्रार दिली तिथे सांगितलं की लेबलवर पाणी शुद्धीकरण लिहिलंय, मग ते औषध होत नाही. १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे, त्याच्या यादीत कर्करोगही आहे आणि मेंदूचे विकारही, आणि या रोगांवर इलाज म्हणून जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, लेबलवर काहीही छापा. मी कायद्याची प्रत जोडली. पोच मिळाली. कात्रणात ज्या संस्थेचं नाव होतं तिला मेल केला, तर दोन ओळींचं उत्तर आलं की आमच्या संशोधनाचा तिसऱ्या कोणी केलेला वापर ही आमची जबाबदारी नाही. ज्या वर्तमानपत्रात ते छापलं होतं त्यांनी उत्तरच दिलं नाही. तेव्हा आता सगळ्यांसमोर विचारतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी तुमच्या संशोधनाच्या विरोधात नाही. चांदी जंतू मारते हे मला दुकानात रोज दिसतं, भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम मीच देतो. चांदीचे कण पेशीत शिरून चांदीचे आयन सोडतात, पेशीच्या ऊर्जाकेंद्रांना आणि डीएनएला इजा करतात, हेही खोटं नाही. २०१३ साली चीनमधल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या गाठीत थेट सुईनं चांदीचे नॅनोकण सोडले, वर रेडिएशन दिलं, आणि ते उंदीर नुसतं रेडिएशन मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले. यातून उद्या काही निघू शकतं. निघावं, असं माझ्याइतकं कोणाला वाटत असेल? पण गाठीत सुईनं सोडणं कुठे आणि जिभेवर थेंब टाकणं कुठे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट की बहुतेक औषधं रक्तातून पलीकडे उतरतच नाहीत. तुमचं अर्धं संशोधन ती भिंत ओलांडण्यासाठीच चाललेलं असतं. बातमीत ती भिंत कुठेच नसते.

ही माझी पहिली तक्रार. प्रयोग कशावर झाला हे तुम्ही दडवत नाही, पण शेवटी टाकता. थाळीतल्या पेशी मारणं ही सुरुवात आहे, तिथे फिनाईलनंही पेशी मरतात. "कर्करोगावर प्रभावी" हे शब्द थाळीला लावले की आमच्याकडे ते माणसाला लागतात.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. बातमीत नुकसानाची बाजू येतच नाही. सिंगापूरच्या संशोधकांनी २००९ साली ग्लिओब्लास्टोमाच्या पेशींसोबत माणसाच्या फुफ्फुसातल्या निरोगी पेशींनाही हेच कण देऊन पाहिले. इजा दोघांनाही झाली. नेदरलँड्समध्ये २०१२ साली उंदरांना २८ दिवस चांदी खाऊ घातली आणि मग थांबवली. आठ आठवड्यांनी बहुतेक अवयवांतून ती निघून गेली होती. मेंदूतून आणि वृषणातून निघाली नव्हती. म्हणजे तोंडावाटे गेलेली चांदी थोडीफार मेंदूत पोचू शकते, पण तिथे जाऊन ती गाठच शोधेल याची काही हमी नाही, आणि एकदा बसली की उठत नाही. दीर्घकाळ चांदी पिणाऱ्यांची कातडी निळसर-राखाडी पडते आणि तशीच राहते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९९ सालीच चांदीच्या अशा बिनचिठ्ठीच्या औषधांना सुरक्षित आणि गुणकारी मानायला नकार दिला. ही माहिती तुमच्या शोधनिबंधांच्या पहिल्या पानावर असते. प्रेस नोटमध्ये का नसते?

तिसरी, पैशाची. २००७ साली केंद्र सरकारनं नॅनो मिशन सुरू केलं, पाच वर्षांसाठी १००० कोटींचं. त्यानंतरही या विषयावर सरकारी पैसा येतच राहिला, आणि तो यायलाच हवा. पण तो आमचाही पैसा आहे. खताच्या पोत्यापासून दवाखान्यात नेलेल्या बिस्किटाच्या पुड्यापर्यंत आम्ही कर भरतो. मग निष्कर्ष इंग्रजीत, मथळा मराठीत आणि खुलासा कुठेच नाही, हा कुठला व्यवहार?

संपादक महोदय, तुमच्याबद्दल एकच. प्रेस नोट जशीच्या तशी छापणं आणि बातमी देणं यात फरक असतो. बाकी तुम्हाला मी काय शिकवावं.

हे नीट करता येतं याचं उदाहरणही आहे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवलेलं औषध ग्लिओब्लास्टोमा पुन्हा उलटलेल्या आठ रुग्णांना ऑपरेशनआधी दिलं आणि २०२१ साली निकाल छापला. काय सांगितलं? शिरेतून दिलेले कण गाठीपर्यंत पोचले आणि रुग्णांना ते झेपले. बरं झालं असा दावा नाही, कारण तेवढंच तपासलं होतं. चांदी तर या पायरीच्याही मागे आहे. मेंदूच्या गाठीसाठी चांदीच्या नॅनोकणांचं मंजूर औषध आज जगात कुठेही मिळत नाही. हे एक वाक्य तुमच्यापैकी कोणीतरी मोठ्या अक्षरात मराठीत छापलं असतं, तर मी ते वहिनीपुढे ठेवू शकलो असतो. माझ्या तोंडच्या बोलण्याला कात्रणाचं वजन नव्हतं. मी घरचाच माणूस, त्यातून औषधविक्रेता. याला आपल्या गोळ्या खपवायच्या आहेत, असंही सोयऱ्यांत बोललं गेलं.

म्हणून माझ्या मागण्या:

१. प्रेस नोटच्या आणि बातमीच्या पहिल्या वाक्यात प्रयोग कशावर झाला ते लिहा: थाळीतल्या पेशी, उंदीर की माणूस. मथळ्यात "उंदरांमध्ये" हा शब्द बसतो, जागा पुरते.

२. कण शरीरात कसे दिले तेही लिहा. गाठीत सुईनं, शिरेतून की तोंडावाटे. फसवणूक नेमकी याच फटीतून होते.

३. नॅनोसिल्व्हरवर काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेनं मराठीत आणि हिंदीत एक पानाचं निवेदन काढावं की हे औषध म्हणून उपलब्ध नाही, आम्ही ते कोणाला विकायला दिलेलं नाही, चालू उपचार आणि झटक्याच्या गोळ्या बंद करू नका. मी ते दुकानाच्या दारावर लावेन. तालुक्यातल्या इतर मेडिकलवाल्यांकडूनही लावून घेईन, ती जबाबदारी माझी.

४. तुमचं नाव किंवा फोटो वापरून कोणी बाटली विकत असेल आणि ते तुमच्या कानावर आलं, तर पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार तुम्ही स्वतः करा. आमच्या अर्जाला पोच मिळते. संस्थेच्या लेटरहेडवरच्या पत्रावर निदान फाइल उघडते.

५. माणसांवरची चाचणी सुरू व्हायची असेल तर बातमीत तिचा सीटीआरआय, म्हणजे औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक द्या. १५ जून २००९ पासून भारतात चाचणीची नोंद तिथे सक्तीची आहे आणि ती यादी कोणालाही उघडून पाहता येते. क्रमांक नसेल तर चाचणी नाही, हे मी गावात कोणालाही एका मिनिटात समजावू शकतो. बियाण्याच्या पाकिटावरचा लॉट नंबर पाहायला आम्ही शिकलोच की.

६. ती चाचणी फक्त मुंबई-दिल्लीत करू नका. नागपूर, सेवाग्राम इथे मोठी रुग्णालयं आहेत, विदर्भाच्या ११ जिल्ह्यांतले रुग्ण तिथे येतातच. रुग्णासोबत एका नातेवाइकाच्या येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च आराखड्यातच धरा, कारण रोजंदारी बुडवून सहा आठवडे शहरात राहणं आमच्याकडे प्रत्येकाला जमत नाही. संमतिपत्र मराठीत असावं आणि वाचून दाखवलं जावं. चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हे २०१९ च्या नियमांत आहेच, तेही त्याच बैठकीत सांगा.

७. चांदीचा उपयोग झाला नाही असं आढळलं तर तेही तितक्याच मोठ्यानं सांगा. संपादकांनी ते त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापावं.

सरकारनं २०१९ सालीच नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. म्हणजे कुठल्या पायरीनं जायचं हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या पायऱ्या बातमीतही दिसाव्यात, एवढंच मागतोय.

बाजारात भेटलेल्या त्या गृहस्थांना मी नागपूरच्या रुग्णालयाचे कागद घेऊन यायला सांगितलं आहे, आणि झटक्याच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका असं बजावून ठेवलं आहे. ते येतील की कुठल्यातरी बाटलीवाल्याच्या नंबरला फोन लावतील, सांगता येत नाही.

दादाच्या कपाटात एक बाटली सील न तोडता राहिली होती. ती, लॅमिनेट केलेलं कात्रण आणि पैसे पाठवल्याची मोबाइलवरची नोंद माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी ज्याच्याकडे प्रयोगशाळा आहे त्यानं बाटलीत काय आहे ते तपासून लेखी द्यावं. बाटली मी स्वखर्चानं, पोच घेऊन, तुमच्या दारात आणून देतो.

आपला,
एक औषधविक्रेता
घाटंजी तालुका, जि. यवतमाळ